वाणातला जेसीबी

संक्रांत जवळ आली की अनिताला दरवर्षी एकच काळजी पडायची: वाण. हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या पदरात काहीतरी वस्तू घालायची, तिला वाण म्हणतात, हे कुणाला सांगायला नको. पण न्हावरे गावात त्या वस्तूवरून पुढं वर्षभर त्या घराची पारख होते, हे मात्र बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. एकदा एका घरानं वाटलेले डबे गळके निघाले, तर आजही त्या घराशेजारचा पत्ता विचारला की बायका म्हणतात, ‘गळक्या डब्यांच्या पलीकडं’. बिचाऱ्यांनी पुढं पितळी समया वाटल्या, पण उपयोग झाला नाही.

यंदा तर लेकाचं लग्न होऊन घरात नवी सून, नीलम. सुनेचं पहिलं हळदीकुंकू म्हणजे आळीतल्या झाडून सगळ्या बायका येणार, वाण हातात घेऊन उजेडाकडं धरून बघणार, आणि नीलमची किंमत त्या दिवशी ठरणार.

नीलम दौंडची. वडील रेल्वेत, शिक्षण तिकडंच, आणि आता नोकरी रांजणगावच्या एका कंपनीत, क्वालिटीला. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. बसमध्ये बाकीच्या पोरी माना टाकून झोपतात. ही मोबाइलमध्ये शिरते आणि काहीतरी घेऊनच बाहेर येते. कुणी बाजारातून येताना पिशवीत चार पेरू आणावेत, तशी ही घरी येताना इंटरनेटवरून काही ना काही वेचून आणते. चपला काढायच्या आत हाक सुरू, “आई, हे बघा!”

कधी कुठला तरी माणूस आगपेटीच्या काड्यांचं चालणारं घड्याळ करतोय, कधी कुणी सायकलला ड्रम जोडून पायडल मारत कपडे धुतोय. एकदा तिनं आबांना, म्हणजे सासरे हौसरावांना, परदेशातल्या शेतकऱ्यांचा छंद दाखवला. ते लोक हौदाएवढाले भोपळे पिकवतात, आतून कोरतात, त्यात बसून वल्हं मारतात आणि तळ्यात शर्यत लावतात. हौसरावांनी ते तीनदा बघितलं, मग गंभीरपणे विचारलं, “घोडनदीत चालंल का गं ह्ये?” आणि तेव्हापासून ते परसातल्या वेलाला दोन बादल्या पाणी जास्त घालू लागले.

अनिता वरवर कुरकुरायची. “ह्या पोरीला दुसरा उद्योग न्हाई,” असं म्हणायची. पण बसची वेळ झाली की तिचं लक्ष रस्त्याकडं असायचं, आणि बसला उशीर झाला की चहा दोनदा गरम व्हायचा. आता हे तिनं कबूल केलं नसतं, म्हणून आपणच सांगितलेलं बरं.

तर वाण काय द्यायचं, असा विषय निघाला तेव्हा नीलम म्हणाली, “आई, वाण माझ्याकडं. तुम्ही काळजी करू नका.”

अनिताला बरं वाटलं. दोन-तीन दिवस गेले, पण घरात खोकं आलं नाही, पिशवी आली नाही. शेवटी तिनं विचारलंच.

“आपण यंदा वस्तू द्यायची नाही,” नीलम म्हणाली. “प्रत्येकीला तिच्या आवडीचं काहीतरी शोधून ठेवलंय मी. मोबाइलवर पाठवायचं.”

“आन् पदरात काय घालायचं? हवा?”

“पदरात तिचा मोबाइल धरायचा. मी तिथंच पाठवणार.”

अनितानं कपाळाला हात लावला. “आगं, वाण समद्यांना सारखं देत्यात. एकीला एक आन् दुसरीला दुसरं दिलं की भांडणं हुत्यात.”

“आई, तुमचं ते फडताळ उघडा जरा,” नीलम म्हणाली.

अनितानं उघडलं नाही. उघडायची गरज नव्हती. आजवरच्या संक्रांतींचे प्लास्टिकचे वाडगे त्यात कोंबलेले होते आणि दार उघडलं की अंगावर पडायचे. तरी तिचं मन मानेना. आणि खरं सांगायचं तर तिची भीती आळीतल्या बायकांची नव्हतीच. ती होती कस्तुराबाईंची.

कस्तुराबाई म्हणजे हौसरावांच्या थोरल्या भावाची बायको, अनिताची थोरली जाऊ. घराला घर लागून, मध्ये एकच भिंत. एकेकाळी दोघी जावांचं इतकं जमायचं की शिरूरच्या बाजाराला जाताना एस.टी.त एका सीटवर बसायच्या आणि तिसरी बाई आली तर तिला जागा द्यायच्या नाहीत. मग ते साडीचं प्रकरण झालं.

एका लग्नात कस्तुराबाईंनी अनिताला मोरपंखी साडी आहेर केली. अनितानं ती कपाटातल्या आहेराच्या गठ्ठ्यात ठेवली. पुढं कस्तुराबाईंच्याच नातवाचं बारसं निघालं. निघायच्या घाईत अनितानं गठ्ठ्यातली एक साडी ओढली आणि मांडवात जावेच्या ओटीत घातली. कस्तुराबाईंनी घडी उलगडली. तीच साडी. फॉल त्यांनी स्वतः हातानं लावलेला होता, आणि आपल्या हातचे टाके माणूस विसरत नाही. आहेराची साडी फिरते हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, कुणी त्याचं काही वाटून घेत नाही. पण ती निघाली त्याच दारात परत जाऊ नये, एवढी एक अट असते.

“मला फिरवलेलं देती व्हय?” एवढंच कस्तुराबाई बोलल्या, आणि त्यानंतर काहीच बोलल्या नाहीत. पाच-सहा वर्षं झाली. भिंतीपलीकडून त्यांच्या भांड्यांचा आवाज यायचा, फोडणीचा वास यायचा, पण हाक येत नव्हती. अनितानं माफी मागितली, निरोप पाठवले. शेवटी तिनं नाद सोडला, पण तळमळ सुटली नाही. तिला जाऊ परत हवी होती. बाकी काही नको होतं.

आणि नीलमनं काय करावं? एका रविवारी कुणाला न सांगता सरळ पलीकडं गेली, कस्तुराबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, “मोठ्या आई, माझं पहिलं हळदीकुंकू आहे. तुम्ही आलात तरच मी करणार.”

कस्तुराबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “बघू.”

न्हावऱ्यात ‘बघू’ म्हणजे निम्मा होकार असतो. अनितानं ते ऐकलं आणि त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. जाऊ येणार. इतक्या वर्षांनी उंबऱ्याच्या आत येणार. आणि आपण तिच्या पदरात काय घालणार, तर मोबाइलवरचं काहीतरी!

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारनंतर अंगणात सतरंज्या पडल्या. नीलमनं काळी साडी नेसली होती, हलव्याचे दागिने घातले होते, आणि कमरेला किल्ल्यांच्या ऐवजी चार्जर खोचला होता. अनितानं तो बघितला आणि देवाचं नाव घेतलं.

पहिली आली माया, समोरच्या घरातली, कांद्यात मुरलेली बाई. नीलमनं हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि म्हणाली, “काकी, आता पदर पुढं करा आणि त्यात मोबाइल धरा.”

“मोबाइलाची वटी भरती का काय?” मायानं विचारलं, पण धरला. नीलमनं मोबाइललाही चिमूटभर हळदकुंकू वाहिलं. कुंकू स्क्रीनवर पसरलं. मग नीलमनं आपल्या मोबाइलवर बोट टेकवलं आणि मायाच्या पदरात टिंग वाजलं.

मायानं पुसून उघडलं. कुठल्या तरी देशातली सुटाबुटातली माणसं रंगमंचावर बसली होती, आणि त्यांच्या हातात गाजराची बासरी, भोपळ्याचा ढोल, दुधीचा कर्णा. भाज्यांचीच वाद्यं करून ती माणसं मैफल करत होती. एकानं तर कांद्याच्या पातीवर पात घासून सूर काढला.

“आता गं बया!” माया ओरडली. “आमचा कांदा वाजतोय की! आन् आमी त्यो चाळीत सडवतोय!”

“कार्यक्रम झाला की त्याच भाज्यांचं सूप करून ऐकणाऱ्यांना देतात,” नीलम म्हणाली.

“म्हंजी वाया काय जात न्हाई,” माया खूश होऊन म्हणाली. “ह्ये बरं हाय.”

मग लालबी आली, महबूबभाईंची बायको. आळीच्या कोपऱ्यावर त्यांचं घर, आळीतले सगळे ब्लाउज तिच्या मशीनवर शिवले जातात. लालबी दरवर्षी येते. तिला कुंकवाच्या जागी हातावर अत्तर आणि केसात गजरा, असं अनिताच्या सासूच्या काळापासून चालत आलंय. तिच्या मोबाइलवर आली एक म्हातारी, जी बोटाएवढ्या बाहुल्यांसाठी खरेखुरे कपडे शिवते. कॉलर, काजं, खिसे, सगळं. लालबीनं चष्मा लावला आणि पदर तसाच पुढं धरून बघत राहिली.

“ह्या बाईची सुई बघ की,” ती म्हणाली. “खिसा किती बारीक, त्यात मुंगीनं काय ठेवायचं? पन शिवलाय कसा सरळ! आमची गिऱ्हाइकं ढीगभर कापड देत्यात आन् तरी शिलाई वाकडी जाती.”

नकुशी म्हणून एक विधवा म्हातारी होती. संध्याकाळच्या मालिका बघून ती खरोखर रडायची आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यांतल्या सासूला शिव्या द्यायची. तिला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे. नीलमनं बोलवलं, गजरा माळला आणि कुणाच्या भुवया वर जायच्या आत तिचा मोबाइल तिच्या पदरात ठेवला. त्यात एका खोलीत बसलेला माणूस दिसला, सिनेमात आवाज भरणारा. समोर पडद्यावर घोडा धावतोय आणि हा नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर आपटतोय. पडद्यावर पाऊस पडतोय आणि हा कढईत काहीतरी परततोय.

नकुशी बघत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी घोडा नव्हताच?”

“घोडा होता आजी, आवाज करवंटीचा.”

“आन् ती सून रडती ती?”

“ते बहुतेक ग्लिसरीन.”

“मुडदा बशिवला त्यांचा,” नकुशी म्हणाली, आणि इतकी हसली की तिचा गजरा सुटला. मग तिनं तिळगुळाच्या दोन वाट्या घेतल्या आणि सतरंजीवर घोडा पळवायला सुरुवात केली.

पुढं अंगणाचा ताबा कुणाकडंच राहिला नाही. एकीला आपोआप पोळ्या लाटणारं यंत्र मिळालं होतं. त्यातून पोळी चौकोनी निघत होती. सगळ्या बायका त्या यंत्राला नावं ठेवायला जमल्या आणि प्रत्येकीनं आपली पहिली पोळी कुठल्या देशाच्या नकाशासारखी झाली होती ते सांगितलं. भांडणं होणार होती ती झालीच नाहीत. उलट ‘तुझं दाखव, माझं बघ’ असं सुरू झालं. वाण घेऊन बायका दुसऱ्या घरी जातात, हा नियम. पण आज कुणी उठेचना. हौसराव आत माजघरात लपून बसले होते, तेही दारात येऊन उभे राहिले आणि आपल्या भोपळ्याबद्दल सांगू लागले.

अनिताचा जीव जरा भांड्यात पडला. पण सगळं बरं चाललेलं असताना मोबाइलची गोल चकरी फिरायला लागली. एवढ्या बायका एकदम बघायला लागल्यावर बिचाऱ्या टॉवरनं तरी काय करावं! मायाचा व्हिडिओ मध्येच थांबला, भोपळ्याच्या ढोलावरचा हात वरच राहिला.

“स्लॅबवर रेंज येते,” नीलम म्हणाली. आपला मोबाइल तिनं अनिताच्या हातात दिला, मायाचा मोबाइल घेतला आणि जिन्यानं वर गेली.

आणि नेमक्या त्याच वेळी दारात कस्तुराबाई उभ्या राहिल्या.

नकुशीचा घोडा थांबला. कस्तुराबाईंनी इरकल नेसली होती, पदर घट्ट कमरेला खोचलेला. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. “घाईत हाय,” त्या म्हणाल्या. “पोरीनं बोलवलं म्हणून आले. कुठंय पोरगी?”

“वर गेली, येतीच आता. बसा की, आक्का,” अनिता म्हणाली.

“बसाय येळ न्हाई.”

अनितानं हळद लावली. घाईत बोट घसरलं आणि हळद नाकापर्यंत आली. कुंकू लावलं. तिळगूळ दिला, पण ‘गोड बोला’ म्हणायचं धाडस झालं नाही. कस्तुराबाई वळल्या. रिकाम्या पदरानं थोरली जाऊ दारातून परत चालली होती, आणि जिन्यावर नीलमचा पत्ता नव्हता.

अनिताचं डोकं चालेना. पदरात मोबाइल ठेवायचा, एवढंच तिला सकाळपासून दिसत होतं. हातात मोबाइल होता. तिनं “थांबा, वाण!” म्हणून जावेचा पदर सोडवला, त्यात नीलमचा मोबाइल ठेवला, त्यावर भसकन हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, “सूनबाईनं खास तुमच्यासाठी.”

मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “आयला, आख्खा मोबाइल दिला.”

तेव्हा अनिताच्या ध्यानात आलं. इतर बायकांच्या पदरात त्यांचेच मोबाइल होते. हिनं सुनेचा मोबाइल जावेला देऊन टाकला होता. आणि पदरात घातलेलं वाण परत मागायची पद्धत कुठल्याच घरात नाही.

कस्तुराबाई मोबाइलकडं बघत होत्या. कोपऱ्यावर टवका उडालेला, पाठीला दौंड स्टेशनच्या फोटोचं कव्हर, काचेवर बारीक चरे. त्यांनी मान वर केली.

“ह्यो तर वापरलेला हाय,” त्या सावकाश म्हणाल्या.

अंगणात साडीची गोष्ट ठाऊक नसलेली एकही बाई नव्हती. लालबीनं चष्मा काढला. सहा वर्षांनी जाऊ दारात आली, आणि आपण पुन्हा तेच केलं. पुन्हा दुसऱ्याचंच तिच्या पदरात घातलं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

नीलम जिन्यावरून खाली आली ती अर्ध्या जिन्यातच थांबली. कुंकवानं माखलेला आपला मोबाइल मोठ्या आईंच्या पदरात बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

कस्तुराबाईंनी मोबाइल परत करायला उचलला आणि काचेवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. पुसता पुसता अंगठा कुठंतरी लागला, आणि पदरातून घर्रर्र असा आवाज आला.

मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ सुरू झाला, त्यात एक जेसीबी माती उकरत होता. पिवळाधमक, चाकांना चिखल लागलेला. त्यानं बकेट खाली आणली, दात मातीत रुतवले, ढेकूळ उचललं, वळला आणि टेम्पोत ओतलं. मग चित्र जरा मागं गेलं, आणि जेसीबीच्या शेजारी माणसाचा हात दिसला. हात जेसीबीएवढाच! अख्खा जेसीबी वितीचा, टेम्पो सहाणेएवढा. टेबलावर मातीचं शेत केलेलं, आणि चार-पाच बाप्ये रिमोट घेऊन भोवती बसलेले. ते तळहाताएवढं तळं खणत होते.

नीलम हळूच अनिताच्या कानाशी आली. “आई, हे मी तुमच्या लेकाला पाठवलेलं. मोठ्या आईंसाठीचं वेगळं होतं, क्रोशाच्या तोरणांचं.”

अनितानं डोळे मिटून घेतले.

पण मोबाइल परत आला नाही. कस्तुराबाई बघत होत्या. आधी उभ्यानं, मग खांबाला टेकून. मग त्यांनी हातानंच लालबीला सरकायला सांगितलं आणि सतरंजीवर बसल्या.

“ह्येची बकेट बघा,” त्या कुणाला तरी, बहुतेक मोबाइललाच, म्हणाल्या. “दात कसं बारीक केल्यात. आन् मागचं पाय पन टेकिवलं! आधी पाय टेकवायचं, मग खणायचं, न्हाईतर गाडी उलाटती.”

अंगणातल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

“आक्का, तुमाला कसं ठावं?” मायानं विचारलं.

“ठावं म्हंजी?” कस्तुराबाई मान वर न करता म्हणाल्या. “आमचं शेततळं खणलं तवा गावातलं समदं गडी बांधावर बसून बघत व्हतं. काम ना धंदा, नुसतं बघत व्हतं. मलाबी लई वाटायचं जाऊन बसावं. पन बायामाणसानं जेसीबी बघत बसायचं म्हंजी लोकं हसत्याल. मग काय, चहा घिऊन जायची. दर घटकंला चहा. गडी म्हनायचं, वहिनी लई मायाळू. कसली मायाळू, मला बकेट बघायची व्हती!”

मग लालबी म्हणाली, “मी तर मशीन बंद करून खिडकीतनं बघते.” माया म्हणाली, “मी शेण टाकायच्या निमित्तानं दोनदा जाऊन आले व्हते.” आणि नकुशीनं सांगून टाकलं की रस्त्याचं काम चाललं तेव्हा ती डांबराच्या गाडीमागं पार चौकापर्यंत चालत गेली होती. अंगणात जो हशा उठला तो रस्त्यावर ऐकू गेला असेल. हौसराव म्हणाले, “च्यायला, मग सांगायचं की! आमी सरकून बसलो असतो,” तर त्यांना सगळ्यांनी मिळून आत हाकललं.

तळं खणून झालं. एका बाप्यानं वाटीनं त्यात पाणी ओतलं. कस्तुराबाईंनी समाधानानं श्वास सोडला आणि मोबाइल नीलमपुढं धरला.

“ह्यो तुझा घे. मला मोबाइल हाय. ह्यातलं त्ये जेसीबीचं त्येवढं माझ्यात घाल.”

नीलमनं मोबाइल घेतला खरा, पण पोरगी दौंडची, खरं बोलल्याशिवाय तिला राहवेना. “मोठ्या आई, एक सांगते. हे पण मला दुसऱ्याकडूनच आलंय. त्याला तिसऱ्यानं पाठवलेलं. फिरून फिरून आलंय.”

अनिताला वाटलं, आता ह्या पोरीच्या तोंडावर हात ठेवावा.

कस्तुराबाईंनी विचार केला. “मग फिरंना का,” त्या म्हणाल्या. “बघितल्यानं झिजतंय व्हय त्ये? आन् मला दिलं तरी तुझ्याकडं ऱ्हातंयच की.” मग त्यांनी मान वळवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ अनिताकडं बघितलं. “साडीचं तसं नसतं, अनिता.”

“व्हय, आक्का,” अनिता म्हणाली.

“घाईत झालं व्हतं ना तुझं?”

“देवाशप्पत घाईत झालं व्हतं.”

“आजबी घाईच केली,” कस्तुराबाई म्हणाल्या. “नाकाला हळद लावलीस. पूस.”

अनितानं पदरानं जावेचं नाक पुसलं. पुसता पुसता ती रडत होती आणि हसतही होती, आणि दोन्ही लपवायचं तिला सुचलं नाही. मग तिनं तिळगुळाचा नवा लाडू घेऊन जावेच्या तोंडात घातला. कस्तुराबाईंनी तो चावला आणि गूळ कमी पडलाय म्हणून सांगितलं. घाईत असलेली ती बाई दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

त्या वर्षी न्हावऱ्यात नीलमच्या वाणाची चर्चा फार झाली. काही म्हणाल्या पैसे वाचवले, काही म्हणाल्या असलं वाण बघितलं नव्हतं. पण डब्याचं झाकण घट्ट बसत नाही, अशी तक्रार कुणी करू शकलं नाही.

रथसप्तमी झाली. एका सकाळी नीलम बसनं कामावर गेली होती, आणि अनिता चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. पहिली भाकरी तव्यावर पडली तोच भिंतीपलीकडून हाक आली, अशी खणखणीत, की हौसरावांच्या हातातला चहा हिंदकळला.

“अनिता! आगं ए अनिता! त्ये पीठ झाकून ठेव आन् बाहीर ये!”

“का वो आक्का? काय झालं?”

“वढ्यावर बंधाऱ्याचा पाया खणत्यात. जेसीबी आलाय. चल बिगीबिगी, पहिली बकेट चुकंल!”

अनितानं पिठाचे हात तसेच पदराला पुसले. तव्यावरची भाकरी नवऱ्याच्या हवाली केली, ती पुढं करपली, पण त्याबद्दल कधीच कुणी बोललं नाही. दोघी जावा ओढ्याकडं निघाल्या. कस्तुराबाईंच्या हातात चहाची किटली नव्हती, डोक्यावर पाटी नव्हती, काहीच निमित्त नव्हतं. त्या नुसत्या बघायला चालल्या होत्या.

काठावर गडी बसलेले होतेच. बायका बघून ते चपापले. “वहिनी, चहा?” एकानं सवयीनं विचारलं.

“चहा न्हाई आणला,” कस्तुराबाई म्हणाल्या. “सरक तिकडं.”

तो सरकला. दोघी बांधावर पाय सोडून बसल्या. जेसीबी चालवणारा पोरगा बिहारचा होता. थोड्या वेळात त्याच्या लक्षात आलं की ही म्हातारी प्रत्येक बकेटीला मान डोलावते आणि भरली नाही की तोंड वाकडं करते. त्यानं इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि हसून ओरडला, “मौसी, बैठोगी क्या?”

गडी हसले. कस्तुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, चपला बांधावर काढल्या, आणि त्या पोराच्या हाताला धरून वर चढल्या. त्यानं त्यांचा हात दांड्यावर ठेवला, वर आपला हात ठेवला, इंजिन सुरू केलं. ती एवढी मोठी बकेट जमिनीवरून उठली, हळूहळू वर गेली आणि उन्हात थांबली. काठावर टाळ्या पडल्या.

अनिता खाली उभी राहून वर बघत होती. जावेचं तोंड एवढं फुललेलं तिनं लग्न होऊन आली त्या वर्षानंतर बघितलं नव्हतं, आणि आपलंही तसंच झालं असणार हे तिला गाल दुखायला लागल्यावर कळलं.

वरून कस्तुराबाईंनी काच ठोकली आणि सीटवर एका बाजूला सरकल्या.

“अगं बघतीस काय? चढ वर! मावतुया दोघी!”